सिमंड्स स्पार्टन: चारही पंख एकच असलेलं विमान

प्रश्न असा आहे: 1928 च्या सिमंड्स स्पार्टन या छोट्या ब्रिटिश बायप्लेनचे, म्हणजे एकावर एक पंखांच्या दोन जोड्या असलेल्या विमानाचे, चारही पंख एकमेकांच्या जागी बसत, असं वाचलं. हे प्रत्यक्षात कसं जमत होतं? कल्पना इतकी सोयीची होती तर ती पुढे का चालली नाही? आणि असं विमान आज कोणी दुरुस्त करायला किंवा नव्याने बांधायला घेतलं, तर त्याने कुठे लक्ष द्यावं?

थोडक्यात सांगायचं तर कल्पना अस्सल होती, नुसती जाहिरात नव्हती. मात्र तिची किंमत हवेत मोजावी लागत होती, आणि जमिनीवर तिने एक वेगळाच धोका निर्माण केला होता. तो धोका आजही या विमानाला हात लावणाऱ्याला भेटतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी माणूस आणि कारखाना. ऑलिव्हर सिमंड्स हे साउदॅम्प्टनजवळच्या वूल्स्टन इथल्या सुपरमरीन कंपनीत अभियंता होते. त्या काळी हलकं विमान म्हणजे डी हॅविलंड या ब्रिटिश कंपनीचं मॉथ. 1925 मध्ये आलेल्या या विमानाने फ्लाइंग क्लबांचं सगळं चित्र बदललं होतं. सिमंड्स यांचं म्हणणं असं की, खाजगी माणसाला आणि क्लबला विमान विकत घेणं एक वेळ जमतं, मोडलेलं विमान पुन्हा उभं करणं जमत नाही. त्यांनी वूल्स्टनच्या राहत्या घरातच नमुना विमान बांधलं. त्याची नोंदणी जी-ईबीवाययू. 1928 च्या उन्हाळ्यात ते उडालं. त्यानंतर सिमंड्स एअरक्राफ्ट ही कंपनी निघाली आणि साउदॅम्प्टनमध्येच वेस्टन इथे उत्पादन सुरू झालं. एकूण 49 च्या आसपास विमानं बनली. पंखविस्तार सुमारे 8.7 मीटर, लांबी 7.3 मीटर, रिकामं वजन सुमारे 426 किलो आणि भरल्यावर 762 किलो. बहुतेकांना सिरस 3 इंजिन होतं. कमाल वेग ताशी 160 किलोमीटरच्या घरात, म्हणजे मॉथच्याच पंक्तीतलं विमान.

आता पंखांकडे येऊ. खरी गंमत भूमितीत आहे.

साध्या बायप्लेनला चार वेगळे पंख लागतात: वरचा डावा, वरचा उजवा, खालचा डावा, खालचा उजवा. डावा पंख उजवीकडे लावायचा तर तो कुशीवर वळवून पालथा घालावा लागतो. तसं केलं की पुढची कड पुढेच राहते, टोक डावीकडून उजवीकडे जातं आणि वरचा पृष्ठभाग खाली येतो. नेहमीच्या पंखाचा छेद, म्हणजे पंख आडवा कापला तर दिसणारा आकार, वर फुगीर आणि खाली जवळपास सपाट असतो, त्यामुळे तो पालथा घातला तर निकामी. सिमंड्स यांनी छेद सममित घेतला, म्हणजे मध्यरेषेच्या वर जेवढा फुगवटा तेवढाच खाली. मग पालथं घालण्याला हवेच्या दृष्टीने काही अर्थच उरत नाही.

पण नुसता छेद सममित करून भागत नाही, आणि बहुतेक वर्णनं इथेच थांबतात. वरच्या आणि खालच्या पंखांना उभे खांब जोडतात. वरच्या पंखाला या खांबांची बैठक खालच्या अंगाला लागते, खालच्या पंखाला वरच्या अंगाला. समजा बैठक एकाच अंगाला दिली. वरचा डावा पंख पालथा घातला की ती बैठक वर येते, म्हणजे तो खालच्या उजव्या जागी नेमका बसतो. पण वरच्या उजव्या जागी तो बसणार नाही, कारण तिथे बैठक खाली हवी. म्हणजे अदलाबदल फक्त कर्णावर होते. चारही जागी एकच पंख जायचा असेल तर खांबाची आणि तारांची बैठक दोन्ही अंगांना द्यावी लागते, किंवा आरपार बोल्टवर उलटसुलट लावता येईल अशी ठेवावी लागते. त्यातही वरचा पंख खालच्यापेक्षा थोडा पुढे असेल, ज्याला स्टॅगर म्हणतात, तर खांबाचा कल पालथ्या पंखावर उलट दिशेला येतो. तेव्हा बैठक कोनात घट्ट जखडलेली नको, पिनवर फिरणारी हवी.

यातून पुढच्या अटी आपोआप येतात. पंखाचं मूळ वर मधल्या तुकड्याला (धडावर मध्यभागी उभारलेला पंखाचा छोटा भाग) जोडलं जातं आणि खाली धडाला, म्हणून दोन्हीकडे दोन स्पारांमधलं (पंखाच्या लांबीभर जाणारे मुख्य दांडे) अंतर, पिनांचा व्यास आणि कानांची जाडी तंतोतंत एक असावी लागते. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची, विमान डावी-उजवीकडे कलवणारी हलती पट्टी. तिचे बिजागर सहसा वरच्या पृष्ठभागालगत ठेवतात. इथे ते जाडीच्या बरोबर मध्यावर हवेत. एलेरॉनची शिंग, म्हणजे केबल जोडण्याचा बाहेर आलेला दांडा, पालथी होते, म्हणून ती दोन्हीकडे असावी किंवा काढून दुसरीकडे लावता यावी. आणि पंखात जन्मजात पीळ देता येत नाही. टोकाकडे कोन थोडा कमी ठेवणं, म्हणजे वॉशआउट, ही स्टॉल, म्हणजे वेग कमी होऊन पंखाची उचल अचानक ढासळणं, सौम्य करण्याची जुनी युक्ती. असा पंख पालथा घातला की टोकाचा कोन कमी होण्याऐवजी वाढतो आणि विमान त्या बाजूला अचानक पडू लागतं. म्हणून पंख सरळच बांधायचा, आणि पीळ द्यायचाच तर जोडणीच्या वेळी तारांनी द्यायचा. शेपटी आणि चाकांचा सांगाडा यांतही सिमंड्स यांनी हाच विचार नेला होता.

क्लबच्या गोदामात याचा फायदा काय होत होता, ते पाहा. शिकाऊ विमानाचं नेहमीचं नुकसान म्हणजे उतरताना गिरकी घेऊन खालच्या पंखाचं टोक जमिनीला घासणं. कोणतं टोक घासेल हे आधी सांगता येत नाही. साध्या विमानासाठी चारही प्रकारचे सुटे पंख ठेवले तरच खात्री. स्पार्टनसाठी एक पुरतो. पाच विमानांच्या क्लबला चार मोठ्या पेट्यांऐवजी एक पेटी, आणि पाचपैकी कुठल्याही विमानाच्या वीसपैकी कुठल्याही जागेला ती चालते. न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियात, जिथे सुटा भाग बोटीने येईपर्यंत आठवडेच्या आठवडे जात, तिथे ही सोय फार मोठी होती. शिवाय एका विमानाचा खालचा डावा मोडला आणि दुसऱ्याचं धड मोडलं, तर दोन मोडक्यांतून एक चांगलं विमान लगेच उभं राहतं. कारखान्यातही पंखाचा एकच साचा, फासळीचा (पंखाला छेदाचा आकार देणारा आडवा सांगाडा) एकच साचा. छोट्या कारखान्याला साच्यांचा खर्च हाच सगळ्यात जड असतो, म्हणून माझ्या मते ग्राहकाइतकाच हा फायदा सिमंड्स यांच्या स्वतःच्या कामाचा होता.

आता किंमत. सममित छेदाचा पंख त्या काळच्या फुगीर छेदाइतकी कमाल उचल देत नाही. स्पार्टनचं पंखांचं क्षेत्रफळ सुमारे 22.3 चौरस मीटर, म्हणजे भरल्या वजनाला दर चौरस मीटरवर 34 किलोच्या आसपास भार. ढोबळ हिशेब करून पाहा: कमाल उचल-गुणांक, म्हणजे पंखाच्या उचल देण्याच्या क्षमतेचा आकडा, 1.4 धरला तर स्टॉलचा वेग ताशी 71 किलोमीटर येतो, 1.2 धरला तर 77. बायप्लेनमध्ये दोन पंख एकमेकांची उचल थोडी खातात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे याहून वर जातील, पण फरक साधारण एवढाच राहील. ताशी सहा किलोमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. शंभर अश्वशक्तीच्या आतल्या इंजिनाच्या, दोन माणसं घेऊन छोट्या शेतातून उडणाऱ्या विमानाला ते किरकोळ नसतात. धाव लांबते, चढाई मंदावते आणि उतरताना चूक सुधारायला कमी वाव राहतो.

दुसरी किंमत वजनाची. स्प्रूसचं लाकूड ताणात जितकं सोसतं त्याच्या साधारण निम्मंच दाबात सोसतं. म्हणून साध्या पंखाच्या स्पारची वरची पट्टी जाड आणि खालची हलकी ठेवतात, कारण उड्डाणात मुख्यतः वरची बाजू दाबली जाते. पालथा होणाऱ्या पंखात दोन्ही पट्ट्या जाडच ठेवाव्या लागतात. शिवाय बायप्लेनच्या वरच्या पंखावर बहुधा जास्त भार येतो, तेव्हा चारही पंख त्या सर्वात जड भारासाठी बांधावे लागतात. खालचे दोन पंख गरजेपेक्षा दणकट होतात आणि ते वजन विमान जन्मभर वाहतं.

मग ती चालली का नाही? एक कारण हवेतलं, ते वर आलं. दुसरं बाजारातलं. डी हॅविलंडने मॉथसाठी स्वतःचं जिप्सी इंजिन बनवलं. विमान, इंजिन आणि सुटे भाग एकाच दारी, तेही जगभर. सिमंड्स यांना इंजिन बाहेरून घ्यावं लागे. मॉथचे सुटे भाग जर जवळच्या दुकानात मिळत असतील तर चारांऐवजी एकच पंख ठेवण्याच्या सोयीला किती भाव उरतो? नॅशनल फ्लाइंग सर्व्हिसेस या क्लब चालवणाऱ्या कंपनीने स्पार्टन घेतली खरी, पण 1929 नंतरच्या मंदीत छोट्या कारखान्याचा निभाव लागेना. 1930 मध्ये कंपनीची पुनर्रचना होऊन ती स्पार्टन एअरक्राफ्ट झाली आणि पुढे आइल ऑफ वाइटवरच्या काऊजला, सॉन्डर्स-रो या विमान कंपनीच्या शेजारी गेली. तिथून स्पार्टन अॅरो आणि तीन आसनी स्पार्टन निघाली. सिमंड्स स्वतः पुढे खासदार झाले. त्यांनी काढलेली सिमंड्स एरोसेसरीज ही कंपनी मात्र विमानापेक्षा कितीतरी जास्त टिकली, आणि तिने बनवलेली एक वस्तू आज प्रत्येक गॅरेजमध्ये सापडते: आत तंतूचं किंवा नायलॉनचं कडं असलेला, स्वतःहून न सुटणारा नट. त्याबद्दल खाली पुन्हा येतो.

आता दुरुस्ती आणि नवी बांधणी. न्यूझीलंडमध्ये झेडके-एबीझेड हे स्पार्टन पुन्हा उडण्याजोगं केलं गेलं, म्हणजे काम अशक्य नाही. पुढचं सगळं या वर्गातल्या कुठल्याही लाकडी बायप्लेनला लागू आहे, जिथे स्पार्टनची खास गोष्ट येते तिथे वेगळं सांगतो. प्रत्यक्ष उडवायच्या विमानावरचं काम परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली आणि त्या देशाच्या विमान प्राधिकरणाच्या मंजुरीनेच व्हायला हवं. भारतात ते डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय.

लाकूड निवडताना स्प्रूसची आर्द्रता 8 ते 12 टक्के, लाकडाच्या तंतूंच्या रेषांचा उतार 15 ला 1 पेक्षा जास्त नको, आणि इंचाला किमान सहा वार्षिक वलयं. उतार नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. फळीच्या टोकाला बारीक चीर पाडून ती कशी धावते ते पाहा, किंवा शाईचा थेंब टाका, शाई रेषेबरोबर पसरते. जुन्या स्पारमध्ये सर्वात घातक दोष म्हणजे दाबाने पडलेली आडवी सुरकुती. केसाएवढी बारीक रेघ, रेषांना काटकोनात. समोरून प्रकाश टाकला तर ती दिसत नाही. टॉर्च पृष्ठभागाला जवळपास टेकवून तिरका धरा, तेव्हा दिसते. खांबाच्या बैठकीच्या आतल्या कडेला आणि जिथे मजबुतीची पट्टी संपते तिथे ती आधी शोधा. अशी सुरकुती सापडली तर तो स्पार बाद. वरून पट्टी चिकटवून भागत नाही, कारण आतला तंतू आधीच मोडलेला असतो. स्पार्टनमध्ये हे पंखाच्या दोन्ही अंगांना तपासा. आज वर असलेला पृष्ठभाग पन्नास वर्षांपूर्वी खाली असू शकतो, आणि पंखाचा इतिहास विमानाच्या नोंदवहीत असेलच असं नाही.

बोल्टच्या भोकांभोवती काळपट डाग दिसला तर समजा पाणी शिरलंय, लोखंड गंजलंय आणि लाकूड मऊ झालंय. बोल्ट काढून भोकाचा व्यास दोन दिशांनी मोजा. भोक लंबगोल झालं असेल तर मोठा बोल्ट घालून प्रश्न सुटत नाही, बाजूचं लाकूड किती उरतं ते पाहावं लागतं. नवं भोक पाडल्यावर त्याच्या आत व्हार्निश सोडा. लोक हे विसरतात आणि दहा वर्षांनी तोच काळा डाग परत येतो.

सांधा लागलाच तर 12 ला 1 उताराचा तिरका सांधा घाला, म्हणजे 20 मिलिमीटर जाडीला 240 मिलिमीटर लांबी. सांधा बैठकीखाली कधीही येऊ देऊ नका.

सरसाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे जीव जातो. 1928 मधली लाकडी विमानं बहुधा दुधातल्या केसीनच्या सरसाने जोडलेली असत. कोरड्या हवेत हा सरस चांगला टिकतो. दमट हवेत त्यावर बुरशी चढते आणि सांधा बाहेरून अखंड दिसत असताना आतून सुटतो. कोकण, मुंबई, गोवा अशा हवेत वर्षानुवर्षं ठेवलेल्या कुठल्याही केसीनच्या सांध्यावर विश्वास ठेवू नये. पातळ पात्याने कडेला हलका दाब द्या. सांधा सरसाच्या रेषेत स्वच्छ उघडला तर सरस मेला. लाकडाचे तंतू उपटून आले तर सरस जिवंत. नव्या कामाला रिसॉर्सिनॉल (एक कृत्रिम सरस) सर्वात भरवशाचं, पण त्याच्या तीन अटी आहेत: तापमान 21 अंश सेल्सियसच्या खाली नको, मऊ लाकडाला दर चौरस सेंटिमीटरवर 9 ते 10 किलो दाब, आणि सांध्यात फट अजिबात नको. फट भरायची सवय असलेल्यांना इपॉक्सी सोयीचं वाटतं, पण गडद रंगाचा पंख उन्हात तापला की काही इपॉक्सी मऊ होतात. म्हणून ते वापरलं तर वरचा रंग फिका ठेवा.

फासळ्यांमध्ये स्पार्टनचा फायदा बांधणाऱ्यालाही मिळतो. वरची आणि खालची पट्टी एकाच साच्यावर वाकवता येते. पण साच्यात मध्यरेषा कोरून ठेवा आणि प्रत्येक फासळी साच्यातून काढली की उलटून पुन्हा घालून पाहा. उलटी घातलेली फासळी एक मिलिमीटरही वाकडी बसली तर ती सममित नाही. मधल्या वाफ दिलेल्या पट्ट्या सुकताना परत सरळ होऊ पाहतात आणि त्यामुळे फासळी एका अंगाला ओढली जाते, हे नेहमीचं. साच्यातून पूर्ण सुकल्याशिवाय काढू नका.

पाणी निघायच्या भोकांकडे लक्ष द्या. कापडाच्या खालच्या अंगाला, मागच्या कडेला, प्रत्येक खणात एक भोक असतं. पंख पालथा लावला की ती भोकं वर येतात आणि पावसाचं पाणी आत घेतात. तेव्हा पंख हलवताना वरची भोकं कापडाच्या चकत्या डोप (कापड ताणून घट्ट करणारं रोगण) लावून बुजवायची आणि खाली नवी पाडायची. हे राहून गेलं तर मागची कड आतून कुजते आणि बाहेर काही दिसत नाही. नोंदणीची अक्षरंही पाहा. ब्रिटिश विमानात ती वरच्या पंखाच्या माथ्यावर आणि खालच्या पंखाच्या पोटाला असत, म्हणजे पंखाची जागा बदलली की ती खोडून नव्याने रंगवावी लागत. दर खेपेला रंगाचं वजन वाढतं, आणि ते एकाच पंखावर वाढतं.

कापड मूळचं आयरिश लिनन. फासळीवर शिवण साधारण 75 ते 100 मिलिमीटर अंतराने, प्रोपेलरच्या झोतात त्याहून जवळ. डोप करताना खोलीची आर्द्रता 70 टक्क्यांच्या खाली असावी. त्यावर गेली की डोपवर पांढरी साय येते आणि तो थर कमकुवत होतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता शोषणारं यंत्र नसेल तर हे काम हाती घेऊच नये. शेवटच्या थरांत अॅल्युमिनियमची भुकटी हवीच. ती शोभेची नाही, ऊन अडवते, आणि लिनन ऊनच खातं. नायट्रेट डोप भयंकर पेटतो. जवळ ठिणगी नको, आणि कापड घासताना साठणारी स्थिर वीजही नको, म्हणून आधी विमान जमिनीला जोडा.

जोडणी. विमान शेपटी उचलून उड्डाणाच्या स्थितीत ठेवा, वरच्या लाँजरॉनवर (धडाच्या लांबीभर जाणारा दांडा) लांबीत आणि आडवं पाणसळ लावा. आधी फक्त मधला तुकडा. त्याच्या कर्णतारा समान करा, आणि माथ्याच्या मध्यावरून सोडलेला ओळंबा धडाच्या मध्यरेषेवर पडला पाहिजे. इथे दोन मिलिमीटर चुकलं तर टोकाशी ते कितीतरी पट होतं. मगच पंख. उतरतीच्या तारांनी, म्हणजे विमान जमिनीवर असताना पंखाचा भार घेणाऱ्या तारांनी, वरकल (टोकाकडे पंख वर कलण्याचा कोन) ठरवा. तीन मीटरवर एक अंश म्हणजे 52 मिलिमीटर, हा आकडा लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंचा वरकल समान झाला की पंख बसण्याचा कोन मोजा, म्हणजे पुढची कड मागच्या कडेपेक्षा किती वर आहे ते.

कोन मोजायला स्पार्टनवर एक अडचण येते. फुगीर छेदाच्या पंखाला खाली सपाट अंग असतं, पट्टी लावली की झालं. सममित पंखाला सपाट जागाच नाही. म्हणून एक सरळ फळी घ्या, पुढच्या आणि मागच्या स्पारच्या जागी तिला दोन ठोकळे बसवा, आणि त्यांची उंची अशी ठेवा की फळीची वरची कड पंखाच्या मध्यरेषेला समांतर येईल. ठोकळा नेमका फासळीवर टेकवा, दोन फासळ्यांमध्ये कापड दबतं. स्पार्टनच्या पंखाची सरासरी रुंदी 1.28 मीटरच्या आसपास येते, तेव्हा एक अंशाची चूक पुढच्या आणि मागच्या कडेत 22 मिलिमीटर दाखवते. अर्धा अंश फरकही विमान एका बाजूला झुकवतो.

उड्डाणाच्या तारा, म्हणजे हवेत पंखांची उचल पेलणाऱ्या तारा, सर्वात शेवटी. त्या फक्त सैलपणा जाईल इतक्याच ताणायच्या. तार वाजली पाहिजे असं मानून लोक खेचत राहतात. मग खांब वाकतात, बैठकीखालचं लाकूड चिरडतं आणि आठवडाभरात तारा पुन्हा ढिल्या होतात. त्या पुन्हा खेचल्या की तोच फेरा. तार दोन्ही टोकांना उलटसुलट आट्यांची असते. आटे पुरेसे आत गेलेत का, हे तारेच्या टोकाशी असलेल्या फोर्कच्या तपासणीच्या भोकात पिन घालून पाहा. पिन आरपार गेली तर आटे कमी आहेत. जोडीच्या दोन तारांचा ताण सारखा हवा, नाहीतर एकच तार सगळा भार घेते आणि कंपनाने तुटते.

नटांबद्दल. सिमंड्स यांचे पुढचे स्वयंअटक नट 1928 च्या विमानात नव्हते, म्हणून अस्सल जीर्णोद्धार करायचा तर किल्ल्याच्या आकाराचा नट आणि फाटी पिन. स्वयंअटक नट वापरायला परवानगी मिळाली तरी दोन नियम पाळा. बोल्टचा किमान एक पूर्ण आटा नटाबाहेर दिसावा, आणि नट हाताने फिरू लागला तर तो फेकावा. शिवाय जिथे बोल्टवर काही फिरतं, उदाहरणार्थ एलेरॉनच्या चापावर (केबलची ओढ वळवणारा फिरता तुकडा) किंवा शिंगेच्या पिनवर, तिथे फाटी पिनच.

इंजिनाबद्दल फार नाही. सिरसचा पूर्वज म्हणजे अभियंता फ्रँक हाल्फर्डने पहिल्या महायुद्धातून उरलेल्या रेनॉच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाचे भाग वापरून केलेलं चार सिलिंडरचं इंजिन. उभं, हवेने थंड होणारं, डोळ्यांसमोर. मागचा सिलिंडर सर्वात जास्त तापतो, म्हणून हवा वळवणारे पत्रे वाकलेले किंवा गळालेले असतील तर आधी ते नीट करा, मग व्हॉल्व्हचं निदान. निकासाच्या व्हॉल्व्हची फट दिलेल्या आकड्याला आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच जमवा.

आता तो जमिनीवरचा धोका. साध्या विमानात चुकीचा पंख चुकीच्या जागी बसतच नाही, आकारच हात अडवतो. स्पार्टनमध्ये तो बसतो, आणि अगदी सुबक बसतो. त्यामुळे तपासणी आकारावर सोडता येत नाही. पंख पालथा लावला की आतल्या केबल्सचा क्रम उलटतो आणि एलेरॉन उलट्या दिशेने चालू शकतो. आतला चाप तिरका बसवून वर जाणाऱ्या एलेरॉनला जास्त चाल दिलेली असेल तर ती विभेदी चालही पालथी होते: खाली जाणारा जास्त जातो, आणि कमी वेगात वळताना विमान नेमकं नको त्या बाजूला नाक फिरवतं. म्हणून पंखाची जागा बदलल्यावर दोन माणसांनी, एक कॉकपिटमध्ये आणि एक पंखाजवळ, प्रत्येक एलेरॉन वेगळा तपासावा. दांडा डावीकडे नेला की डावीकडचा प्रत्येक एलेरॉन वर आणि उजवीकडचा प्रत्येक खाली. वर किती अंश आणि खाली किती, हे कोनमापीने मोजून लिहा आणि डावी-उजवी बाजू जुळवा. कॉकपिटमधल्याने फक्त दांड्याची दिशा मोठ्याने सांगावी, एलेरॉन काय करतोय ते दुसऱ्यानेच सांगावं. दोन्ही बाजू एकाच माणसाने पाहिल्या तर त्याला अपेक्षित तेच दिसतं. त्यानंतर दोघांनी जागा बदलून सगळं पुन्हा एकदा, आणि मगच नोंदवहीत पंखाचा क्रमांक, त्याची जुनी जागा, नवी जागा आणि कोणता पृष्ठभाग आता वर आहे ते लिहून दोघांच्या सह्या.